बाईंचा हात

१

दुपारी एक वाजता आईला भरवून, तोंड पुसून, तिची कूस बदलून झाली की धाकटी स्वयंपाकघरात यायची आणि शिलाई मशीनवर बसायची. मग पाच वाजेपर्यंत ती आतल्या खोलीत पाऊल टाकायची नाही. काम असायचंच. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची, कुणाचा लग्नातला कोट वीस वर्षांनी पोटावर सैल करायचा. लोकांची अंगं बदलत होती तोवर तिला कामाला तोटा नव्हता. पण काम हे खरं कारण नव्हतं, आणि ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

आठ महिन्यांपूर्वी आईला झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले. उरले ते फक्त उघडे डोळे. डॉक्टर म्हणाले, "डोळे उघडे आहेत म्हणजे बघताहेत असं धरून चालू नका. समोरचं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही." तरी पहिले दोन महिने धाकटी पलंगाशी खुर्ची घेऊन तासन्‌तास बसली. बोलली, तळवे चोळले, शेजारपाजारच्या बातम्या सांगितल्या. ते डोळे तिच्या चेहऱ्यातून आरपार छताकडे बघत राहिले. मग ती उभ्या उभ्या बोलायला लागली. मग बोलणंही सुटलं, आणि ती कामापुरती आत जाऊन यायला लागली. सकाळी आठ ते बारा नर्सबाई असायच्या. बारानंतर घरात दोघीच, आणि दोघींच्या मध्ये एक भिंत.

सोबतीला फळीवरचा जुना रेडिओ होता. मशीनची मोटर सुरू झाली की तो खरखरायचा, म्हणून तीन वाजता गाणी लागली की ती मशीन बंद करून हातशिलाईची कामं काढायची. काजं, बटणं, तुरपाई. साडेतीनला गाणी संपायची. मग काटा इकडेतिकडे सरकवून ती दुसरं स्टेशन धुंडाळायची.

त्या मंगळवारी तसाच काटा सरकवताना, दोन स्टेशनांच्या मधल्या फसफसाटात, तिला तो आवाज ऐकू आला. एक आवाज तुटका, एक लांबट. टिं टींऽ. टिं टींऽ. जरा थांबून पुन्हा. मशीन बंद होती, प्लगसुद्धा काढलेला होता. घड्याळात तीन चाळीस झाले होते. दहाएक मिनिटांनी आवाज थांबला आणि नुसता फसफसाट उरला.

तिनं बटण शिवलं, दोरा दातानं तोडला आणि विसरून गेली. बुधवारी तीन चाळीसला आवाज पुन्हा आला. गुरुवारीही आला.

२

धाकटी घाबरट नव्हती. एखादी टीप चुकली की ती कुठून चुकली ते उसवत उसवत शोधायचं, ही तिच्या हाताला लागलेली सवय. तिनं फ्रिज बंद करून पाहिला. दिवे घालवले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारून त्यांचा पाण्याचा पंप बंद ठेवायला लावला. रेडिओतल्या बॅटऱ्या नव्या घातल्या. वायरमन आला, त्यानं रेडिओ कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "बाई, याला आता निवृत्त करा."

शेवटी ती रेडिओ हातात घेऊन घरभर फिरली. बाल्कनीत आवाज पार बुडाला. बाहेरच्या खोलीत जेमतेम होता. स्वयंपाकघरात स्पष्ट, आणि आईच्या खोलीच्या भिंतीला टेकवला की इतका खणखणीत, की तिनं हात मागे घेतला. भिंतीत कुठली तरी वायर असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. ते पटलंही.

त्या शनिवारी तिला आठवलं की हा आवाज म्हणजे तारेची भाषा आहे. आठवायला इतके दिवस लागले याचंच तिला नवल वाटलं, कारण आईनं एकतीस वर्षं तारघरात काढली होती. पण आईनं घरी कधी ती भाषा शिकवली नव्हती. घरी आल्यावर तिची बोटं मुलींच्या वेण्या घालण्यात गुंतायची.

मागच्या गल्लीत एक म्हातारे तारमास्तर राहायचे. आईच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी एकोणीस वर्षं काम केलं होतं. धाकटी त्यांना काका म्हणायची. तिनं कापडकापणीच्या खाकी कागदावर खडूनं खुणा उतरवून नेल्या होत्या. तुटक्या आवाजाला बारीक टाका, लांबट आवाजाला लांब टाका.

तारमास्तर हसले. "अगं, ही तार आहे की काज?"

"मला जसं येतं तसं लिहिलंय, काका. विमानतळाचं वगैरे असेल का?"

"छे. विमानांसाठी असतं ते दोनच अक्षरं दिवसभर घोकत बसतं, ढ मुलासारखं. हे तसं नाही." त्यांनी चष्मा लावून कागदावर बोट ठेवलं. "हे बघ. एक लांब, तीन बारीक. मग बारीक-लांब. मग तीन बारीक. बी, ए, एस. बस." पुढे सरकून म्हणाले, "आणि त्याच्या आधी आलंय 'आलीस'. आलीस, बस. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. तारघरात रिकाम्या वेळी आम्ही एकमेकांशी असंच बोलायचो. कुणीतरी हौशी दिसतोय. बायकोशी बोलत असेल."

"रोज तीन चाळीसला?"

"मग काय. वक्तशीर नवरा असेल." त्यांनी खाकी कागदाच्या कोपऱ्यात तिच्यासाठी सगळी अक्षरं मांडून दिली, ए पासून झेडपर्यंत. "सोमवारी येतो. कित्येक वर्षांत कुणी तार ऐकायला बोलावलं नाही मला. पूर्वी तार आली की लोक वाचायच्या आधीच रडायला बसायचे. आता हौसेनं ऐकतात म्हणजे प्रगतीच की!"

३

सोमवारी ते सव्वातीनलाच आले. चहा घेतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि रेडिओचा आवाज पुरता मोठा केला. त्यांना आता कमी ऐकू यायचं. धाकटी समोर बसून एका जाकिटाची काजं करत होती. तीन चाळीसला आवाज सुरू झाला.

तारमास्तरांची पेन्सिल सुरुवातीला भराभर चालली. मग सावकाश. मग ती कागदावर नुसती टेकून राहिली. आवाज संपला तरी ते रेडिओकडेच बघत होते.

"काय म्हणतोय तो वक्तशीर नवरा?" धाकटीनं विचारलं.

"पोरी, तुला एक सांगतो. प्रत्येक तारवाल्याचा हात वेगळा असतो. अक्षरं तीच, पण कोण कुठं रेंगाळतं, कोण कुठं घाई करतं, त्यावरून माणूस ओळखू येतो. आवाजावरून ओळखतो ना आपण, तसा. तुझी आई शब्दातलं शेवटचं अक्षर पाठवायच्या आधी किंचित थांबायची. सगळं तारघर म्हणायचं, बाई शेवटच्या अक्षराआधी चष्मा पुसतात." त्यांनी रेडिओकडे बोट केलं. "हा बाईंचा हात आहे."

धाकटी हसायला गेली, पण हसू आलं नाही. "आईचे हात आठ महिने हललेले नाहीत, काका."

"मला माहीत आहे."

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं:

आलीस. बस. पाठ दुखत असेल. राखाडी स्वेटर उसवलाय कोपरापाशी. लोकांचं शिवतेस, स्वतःचं राहतं.

धाकटीच्या अंगात राखाडी स्वेटर होता. तिनं हात वर करून पाहिलं, तिला काही दिसलं नाही. तारमास्तरांनी मान वाकवून बघितलं आणि तिच्या कोपराच्या मागच्या बाजूला, जिथं तिची नजर पोचत नव्हती तिथं, बोट लावलं. बोट आत गेलं.

ती उठून धावतच आईच्या खोलीत गेली. आई पलंगावर होती तशीच होती. हात चादरीवर, तळवे खाली, डोळे छताकडे. काहीच हललं नव्हतं. एक खुर्ची मात्र पलंगाला खेटून होती. सकाळी नर्सबाईंनी ओढली असेल. पण दुपारी एकला भरवताना ती भिंतीपाशी नव्हती का? धाकटीला शपथेवर सांगता आलं नसतं.

"आई," ती म्हणाली. डोळे छताकडेच राहिले.

ती परत स्वयंपाकघरात आली तेव्हा रडत होती आणि हसतही होती. "काका, डॉक्टर चुकले! तिला सगळं कळतंय. इतके महिने ती मला बोलावतेय, आणि मी इथं बसून बटणं लावतेय!"

तारमास्तर हसले नाहीत. कागदावरच्या पहिल्या शब्दावर त्यांनी पेन्सिल ठेवली.

"बोलावत नाहीत गं," ते हळूच म्हणाले. "बोलावणारा माणूस 'ये' म्हणतो. बाई 'आलीस' म्हणताहेत. तीन चाळीसला त्यांच्याजवळ कुणीतरी येऊन बसलं. आणि त्या वेळी तू इथं, माझ्यासमोर, काजं करत होतीस."

४

त्या आठवड्यात तारमास्तर रोज आले. रोज एक कागद भरला. धाकटीनं ते कागद सुयांच्या डब्यात ठेवले आणि दिवसातून दहादा काढून वाचले.

आलीस. आज केस नीट बांधलेस.

बस. घाई नको करू. थोरलीला पण अशीच घाई.

हात गार तुझा. रोजच गार. काही अंगावर घेत जा.

बोलत नाहीस. चालेल. येतेस ना रोज. तेवढंच पुरे मला.

शेवटचा कागद वाचल्यावर तिला जे वाटलं ती भीती नव्हती. तो मत्सर होता. आठ महिने आई एकटी पडली नव्हती. रोज दुपारी कुणीतरी तिच्यापाशी बसत होतं, तिचा हात धरत होतं, आणि आई त्याचं सगळं श्रेय धाकटीला देत होती. धाकटीच्या वाट्याची माया कुणी दुसरीच घेऊन जात होती. तिनं ती टाकली होती, म्हणूनच कुणी उचलली होती ना?

अक्कल मात्र हार मानत नव्हती. मीच जाऊन बसत असेन आणि विसरत असेन, असं तिला वाटलं. थकलेल्या माणसाचं काय होईल सांगता येत नाही. पण तारमास्तर साक्षीला होते. मग वाटलं, तारमास्तरच मनचं लिहीत असतील. एकटा म्हातारा माणूस, जुन्या ओळखीचा हात ऐकायची आस. पण आवाज तिलाही ऐकू येत होता. आणि स्वेटर खरोखर उसवलेला होता. तिनं तो त्याच संध्याकाळी रफू केला होता.

एका दुपारी ती रेडिओ तारमास्तरांवर सोपवून आईच्या खोलीबाहेर बोळात उभी राहिली. तीन चाळीसला आत खुर्ची करकरली. वेताची बैठक माणसाच्या वजनानं करकरते तशी, एकदाच. दार अर्धवट उघडं होतं. नुसतं डोकं पुढे काढायचं होतं. ती स्वयंपाकघरात परत आली.

रविवारी थोरल्या बहिणीचा फोन आला. ती दूरच्या शहरात होती. आईला शुश्रूषागृहात ठेवायचं दोघींचं महिन्याभरापासून घाटत होतं. तिथं एक खाट रिकामी झाली होती, पहिल्या तारखेला गाडी येणार होती. फॉर्म धाकटीच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"झाली का सही?" ताईनं विचारलं.

"ताई, आईला कळतंय गं सगळं."

"धाकटे, तू झोपतेस का नीट? जेवतेस का? आठ महिने एकटीनं काढलेस तू. आता हट्ट नको. सही कर."

"बघते," धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर ती फॉर्मकडे बघत बसली. आईला हलवलं तर ती दुसरी तिथंही जाईल? की आई तिची वाट बघत राहील, "आलीस" म्हणायला कुणी नाही अशी?

५

सोमवारी तिनं ठरवून टाकलं. "काका, आज तुम्ही रेडिओपाशी बसा. मी आईजवळ बसते. मग बघू ती कुणाला 'आलीस' म्हणते ते."

तारमास्तरांना हे पसंत नव्हतं. "सांभाळून गं," एवढंच ते म्हणाले.

साडेतीनला ती खोलीत गेली. खुर्ची ओढली आणि बसली. किती दिवसांनी बसत होती! आईचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. तो कोमट होता, कातडी कागदासारखी झाली होती. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी पडलं होतं. औषधांच्या बाटल्या, घडी केलेले टॉवेल, पाण्याचं भांडं. या खोलीत भिण्यासारखं काय होतं?

"आई, मी आलेय," ती म्हणाली. "मी. खरी मी." आणि मग तिचा बांध फुटला. आपण कसे टाळत राहिलो, त्या डोळ्यांना कसे भ्यालो, सही करायला पेन हातात घेतलं होतं तेसुद्धा, असं सगळं तिनं सांगून टाकलं. आईच्या हातावर कपाळ टेकून ती लहान मुलासारखी रडली.

भिंतीपलीकडे रेडिओ बोलू लागला. टिं टींऽ. टिं टींऽ.

धाकटीनं डोकं वर केलं. आईचे डोळे हलत होते. आठ महिन्यांत जे डोळे कशाकडे वळले नव्हते ते धाकटीच्या चेहऱ्यावर आले, क्षणभर थांबले, आणि सावकाश पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथं, भिंतीच्या बाजूला, गादीची कड दबलेली होती. आईचा डावा हात चादरीवर पालथा होता. धाकटीच्या देखत त्याची बोटं एकमेकांपासून जराशी दूर झाली. कुणी त्यांच्यामध्ये आपली बोटं घातली की होतात तशी.

धाकटीनं वर बघितलं नाही. तिची नजर त्या हातावरच खिळली. पण नजरेच्या कडेला जे येतं ते माणसाला अडवता येत नाही. तिथं राखाडी लोकरीची बाही होती. कोपरापाशी उसवलेली.

धाकटीनं स्वतःच्या कोपराला हात लावला. तिच्या रफूचे टाके जागेवर होते.

रेडिओ थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग गादीची कड हळूहळू वर आली.

स्वयंपाकघरात तारमास्तरांनी कागद पालथा घालून त्यावर हात ठेवला होता.

"वाचा, काका."

"राहू दे, पोरी."

"वाचा. खोटं नका सांगू मला."

तारमास्तरांनी चष्मा लावला. एकेका वाक्यापाशी थांबत त्यांनी वाचलं.

"आलीस. बस. आज दोघी आल्या. ही दुसरी कोण? तुझ्यासारखीच दिसते. रडते फार. हात गरम आहे हिचा, ताप असेल. हिला कुणी नाही वाटतं. बसू दे बिचारीला."

६

धाकटीनं फॉर्म फाडला. ताईला फोन करून सांगितलं की आई कुठेही जाणार नाही. ताई चिडली, रडली आणि शेवटी म्हणाली, "तुला झेपेल तसं कर."

त्या दिवसापासून ती रोज आईजवळ बसली. बटणं, काजं, तुरपाई, हातशिलाईचं सगळं काम तिनं त्या खोलीत नेलं. तीन चाळीसला पलीकडे गादी दबायची. धाकटी तिकडे बघायची नाही. सुई चालवत राहायची. एका आजारी माणसाच्या उशापायथ्याशी दोन नातेवाईक बसतात, पटत नसलं तरी, तशा त्या बसायच्या. भीतीचीही सवय होते. सवय होत नव्हती ती एकाच गोष्टीची. आईच्या लेखी ती अजून परकीच होती.

दुसरी आज पण आली. काहीतरी शिवत बसते.

दुसरी गाणं म्हणत होती. थोरली लहानपणी म्हणायची ते. हिला कसं माहीत?

तारमास्तर खरं तेच वाचून दाखवत होते. पण हळूहळू त्यांचा आवाज पडू लागला. पुढं एके दिवशी त्यांनी वाचलं, "धाकटे, तू आज लवकर आलीस," आणि तिला कळलं की हे खोटं आहे.

कारण तोवर ती स्वतः शिकली होती. खाकी कागदावरची ती अक्षरं तिनं मशीनसमोरच्या भिंतीला टाचून रोज पाठ केली होती, टाके घालता घालता. शिवाय आईचा हात दिवसेंदिवस मंद होत चालला होता. पूर्वी पाण्यासारखा वाहणारा आवाज आता एकेका अक्षरापाशी दम खात होता. तारमास्तर रेडिओ मोठा लावायचे, भिंत पातळ होती. त्या दिवशी तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: दुसरी आज लवकर आली.

तिनं कागद त्यांच्याकडून घेतला. कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "बघा काका, ओळखलं ना तिनं मला."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानंतर रोज त्यांच्या कागदावर "धाकटे" यायला लागलं, आणि भिंतीतून "दुसरी".

७

एका गुरुवारी सकाळी आईला गिळता येईना. श्वास लागला. डॉक्टर येऊन गेले, बाहेरच्या खोलीत म्हणाले, "आज किंवा उद्या. बहिणीला बोलावून घ्या." ताई निघाली, पण ती संध्याकाळशिवाय पोचणार नव्हती. तारमास्तर सकाळपासून स्वयंपाकघरात बसून होते. नर्सबाईंनी जाताना दोघांसाठी स्वयंपाक करून झाकून ठेवला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

धाकटी आईचा हात धरून बसली होती. तीन चाळीसला पलीकडची गादी दबली. आवाज सुरू व्हायला मात्र बराच वेळ लागला. सुरू झाला तेव्हा इतका सावकाश होता, की प्रत्येक अक्षराला तिला एकेक श्वास घेता आला.

निघते.

धाकटीनं आईचा हात घट्ट धरला.

ही आहे सोबत.

मग नुसता फसफसाट. तो इतका लांबला की संपलं असं तिला वाटलं. आईच्या छातीतून घरघर येत होती. पुन्हा एक लांब आवाज आला, आणि मग बाकीचे, अडखळत.

त्या दुसरीला सांगा. जेवून घे.

शेवटच्या अक्षराआधी आवाज किंचित थांबला. मग ते अक्षर आलं.

पलीकडे गादी वर आली. आईचे डोळे कुणाच्या तरी मागे सरकत होते, पलंगाच्या पायथ्याकडून वळसा घालून, धाकटीच्या बाजूला. खुर्ची आणि कपाट यांच्यात वाट अरुंद होती. अडचणीच्या जागेतून जाताना आपण बसलेल्या माणसाच्या पाठीला हात लावतो ना, जरा सरकायला सांगतो, तसा एक हात धाकटीच्या पाठीवर आला. स्वेटरमधूनही त्याचा गारवा लागला. धाकटीनं गुडघे बाजूला घेतले आणि वाट दिली.

आईचे डोळे दारापर्यंत गेले. तिथून ते परत आले नाहीत.

धाकटी बराच वेळ बसून राहिली. मग तिनं ते डोळे मिटले, चादर नीट केली आणि उठली.

तारमास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात कागद होता.

"गेली," धाकटी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, पुन्हा लावला. "तुझ्यासाठी निरोप आहे," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट आला. धाकटे, तू होतीस म्हणून मी सुखानं गेले, असं म्हणाल्या."

"नाव घेतलं माझं?"

"घेतलं ना. दोनदा."

धाकटीनं कागद घेतला, वाचला, पदरात पडल्यासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग सुयांच्या डब्यात बाकीच्या कागदांवर ठेवला. डॉक्टरांना फोन केला. ताईला केला, ती गाडीत होती, तिच्याबरोबर जरा वेळ नुसती रडली. मग परत येऊन तिनं ओट्यावरची झाकणं काढली आणि दोन ताटं घेतली.

"हे काय?" तारमास्तरांनी विचारलं. "आत्ता?"

"आत्ताच. सकाळपासून पोटात काही नाही." ती वाढत होती. पाठमोरी होती. "जेवून घे म्हणून सांगितलंय."

तारमास्तरांनी रेडिओकडे बघितलं. मग भिंतीवर टाचलेल्या खाकी कागदाकडे, आणि मग तिच्याकडे.

"या, काका," ती म्हणाली. "गार होतंय."

म्हातारे हात धुवायला गेले.